चोवीस चिंचोके

कुंडलिक ओव्हाळ सत्तावीस वर्षं लोकांच्या गॅसच्या शेगड्या दुरुस्त करत होता. मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत एक सोसायटी अशी नसेल जिथल्या ओट्यासमोर तो पिशवी घेऊन उभा राहिला नाही. ज्योत नुसती बघून सांगायचा, जेटमध्ये कचरा आहे का पाइप गेलाय. शेगडीचं बरं असतं. बिघडली तर बिघडली, चालू झाली तर चालू झाली. मधलं काही नसतं. माणसाचं तसं नाही ना. आणि त्या नोव्हेंबरात कुंडलिकवर वेळ आली ती नेमकी माणसाचीच.

त्याला निरोप आला, तुमची मुलाखत आहे.

मुलाखत कशाची, तर संस्थेची. विक्रोळी पार्कसाइटला डोंगराच्या अंगावर त्याची वस्ती. तिथं बुद्धविहाराला लागून एक खोली आहे, ती एक परदेशी संस्था चालवायची. बोर्डावर तिचं इंग्रजी नाव इतकं लांब की वाचता वाचता माणूस खोली ओलांडून पुढं जाईल. वस्तीत सगळे नुसतं ‘पोरींची संस्था’ म्हणायचे. पोरींना शिकवा, घाईनं उजवू नका, पोरगा-पोरगी एक धरा, असं त्यांचं काम. संध्याकाळी सहा ते नऊ त्या खोलीत वीस पोरी अभ्यासाला बसायच्या. बाकडी होती, दोन पंखे होते, ट्यूबलाइट होती आणि शांतता होती. पार्कसाइटला बाकी सगळं मिळतं हो, शांतता कुठल्या दुकानात मिळते?

कुंडलिकची मनाली त्या वीसजणींतली. बारावी सायन्स. फेब्रुवारीत परीक्षा. घर म्हणजे दहा बाय बाराची खोली. त्यात चार माणसं, एक टीव्ही, आणि पत्र्याच्या पलीकडे शेजाऱ्याचा टीव्ही तो वेगळा. ती खोली नसती तर पोरीनं अभ्यास काय डोक्यावर बसून केला असता?

संस्थेची माधुरीताई, तीच खोली सांभाळायची, तिनं मीटिंगमध्ये सांगितलं, “बाहेरून एक बाई येणार आहेत, मूल्यमापनाला. म्हणजे तीन वर्षांत आपल्या कामानं काय फरक पडला, ते तपासणार. त्यांच्या रिपोर्टावरून तिकडं परदेशात ठरणार, खोली चालू ठेवायची का डिसेंबरात बंद करायची. दहा वडिलांची नावं निघालीत.”

“मग आम्ही काय सांगायचं?” कुंडलिकनं विचारलं.

“खरं सांगायचं,” माधुरीताई म्हणाली आणि पर्स उचलून निघून गेली.

खरं सांगा म्हणणारा निघून गेला, की खरी भानगड सुरू होते.

त्याच संध्याकाळी दहाही बाप त्यातल्याच विशाल केबलवाल्याच्या टपरीसमोर कॅरमभोवती जमले. वस्तीतली कुठलीही मीटिंग ह्या विशालशिवाय सुरू होत नाही आणि त्याच्यामुळं संपत नाही. तो म्हणाला, “सोप्पं आहे. सगळ्यांनी झकास सांगायचं. मी भांडी घासतो, मी कपडे धुतो, मी चपात्या लाटतो. आमच्याकडं पोरगा-पोरगी एकदम समसमान. विषय संपला.”

“नाय संपला,” कुंडलिक म्हणाला. “मी शेगडी दुरुस्त केली, झकास पेटली, तर ती बाई मला परत बोलावते का?”

“कशाला बोलावेल?”

“तेच तर. आम्ही झकास झालो म्हटलं तर ते म्हणतील, चला, काम झालं, पिशवी उचला. खोली बंद.”

मग पलीकडून कोणीतरी म्हणालं, “मग सांगू, काय फरक नाय पडला. आम्ही होतो तसेच डांबरट आहोत.”

“आणि तीन वर्षं मेकॅनिक येतोय आणि शेगडी पेटतच नाय, तर त्याला ठेवशील का हाकलशील?”

“हाकलेन.”

“म्हणजे तरी पण खोली बंद.”

“मायला,” विशाल म्हणाला. “कुंडलिकभाऊ, तू डोक्याची मंडई केलीस यार.”

घरी आल्यावर कुंडलिकनं बायकोला विचारलं. राधा सकाळी मुलुंडला चार घरी स्वयंपाक करायची आणि दिवाळीनंतर तिनं संध्याकाळचं घाटकोपरचं एक घर धरलं होतं. नुकतीच येऊन पाय चोळत बसली होती.

“राधे, समज मला विचारलं, तुमच्या घरात फरक पडला का. काय सांगू?”

“जे आहे ते सांगा.”

“काय आहे?”

राधा त्याच्याकडं बघून एवढी हसली, एवढी हसली, की पोरगा आकाश कानातली वायर काढून बघायला लागला. मनाली कोपऱ्यात पुस्तकात होती. तिनं मान वर केली नाही. कुंडलिकनं जेवून घेतलं. चपाती मऊ होती. तसं त्यानं म्हटलं पण, “राधे, चपाती मऊ झालीय आज.” राधा पाय चोळत राहिली.

दुसऱ्या दिवशी मुलुंडला शुभा मॅडमकडं काम होतं. डावा बर्नर भुकभुक करत होता. शुभा मॅडम ओट्याजवळ कणिक मळत होत्या आणि त्यांचे मिस्टर श्यामसुंदरसाहेब, विमा कंपनीतून रिटायर झालेले, डायनिंग टेबलावर पेपर घेऊन बसले होते. कुंडलिकनं विचार केला, शिकलेला माणूस आहे, विचारून बघू. बर्नर पुसता पुसता सगळी कथा सांगितली.

“अरे वा!” साहेब चष्मा वर करत म्हणाले. “मीसुद्धा देतो अशा एका संस्थेला. देण्याआधी नेटवर नीट तपासली. चार स्टार आहेत तिला.”

“स्टार कोण देतं साहेब?”

“लोक देतात.”

“कुठले लोक?”

“म्हणजे... देणगी देणारे.”

“ज्यांच्या पोरी तिथं जातात, ते नाय देत?”

साहेबांनी पेपर खाली ठेवला. “हे काही मला सुचलं नव्हतं,” म्हणाले. मग सावरून म्हणाले, “पण तू घाबरू नकोस. मूल्यमापनात आकडे लागतात. ठोक आकडा सांग. आता आमच्याकडं बघ. भेदभाव हा प्रकारच नाही. सई काय, श्रेयस काय, दोघांना सारखं शिकवलं. शुभा, त्याला पाणी दे गं जरा.”

“माझे दोन्ही हात कणकेत आहेत,” शुभा मॅडम म्हणाल्या. “भेदभाव नसलेल्या माणसानं उठायला हरकत नाही.”

साहेब उठले. पण ग्लास कुठल्या कपाटात असतात तेच त्यांना सापडेना. तीन कपाटं उघडली, तिसऱ्यातून डाळीचा डबा पडला. शेवटी कुंडलिकनंच वरच्या रॅकमधला ग्लास काढून दिला. सत्तावीस वर्षांत लोकांच्या स्वयंपाकघरांचा अंदाज येतो माणसाला.

“कुंडलिक,” शुभा मॅडमनं हळूच विचारलं, “तुमच्या घरची शेगडी कोण बघतं हो?”

“मीच की.”

“शेवटची कधी बघितलीत?”

कुंडलिकनं आठवायचा प्रयत्न केला. मुलुंड आठवलं, भांडुप आठवलं, कांजूरमार्ग आठवलं. घर काही आठवेना. मागचा बर्नर पेटत नाही, असं राधा मध्ये एकदोनदा बोलली होती खरी. तो ‘बघतो’ म्हणाला होता. ते कधी? पावसाळ्यात?

मुलाखतीचा दिवस उजाडला. रविवार. मूल्यमापनवाल्या बाईचं नाव गार्गी. बोरिवलीहून आली होती. तिशीतली, पायात साधी चप्पल, हातात टॅब आणि खांद्याला कापडी पिशवी. जयभीम घातला तर तिनंही नीट जयभीम केला. सकाळी तिनं पोरींशी बोलून घेतलं होतं. दुपारी बापांची पाळी. एकेकानं आत जायचं, बाकीच्यांनी विहाराच्या पायरीवर बसायचं.

पहिला गेला विशाल. दहा मिनिटांत बाहेर आला आणि चपला घालायच्या निमित्तानं वाकून पुटपुटला, “प्रश्न-बिश्न काय नाय रे. चिंचोके देते. चोवीस. एक चिंचोका म्हणजे एक तास. काल दिवसभर काय काय केलं, तिथं तिथं मांडायचे. घरकामाला तीन ठेवा. तीन बरोबर आहे. जास्त पण नाय, कमी पण नाय. पास!”

दुसरा आत गेला, तीन ठेवून आला. तिसरा, चौथा, पाचवा, सगळे तीन. कुंडलिक सहावा.

आत गेला तर त्याला पोरींच्या बाकड्यावर बसवलं. गुडघे पार छातीला लागले. समोर कागदावर चित्रं काढलेली. झोप, कामधंदा, घरकाम, शिक्षण, मोकळा वेळ. गार्गीनं चिंचोके पुढं केले. कुंडलिकनं झोपेला सात ठेवले, धंद्याला अकरा, घरकामाला ठरल्याप्रमाणे तीन, उरलेले तीन मोकळ्या वेळेला. हात झटकले.

गार्गी कागदाकडं बघत राहिली. मग म्हणाली, “काका, तुम्ही सहावे. सहाही जणांनी घरकामाला तीनच. माझा नवरा बोरिवलीला अर्धा चिंचोका ठेवायलाही लाजेल. पार्कसाइटच्या पाण्यातच काही आहे का?”

कुंडलिकचे कान तापले.

“बरं, ते राहू दे.” तिनं अजून चोवीस चिंचोके त्याच्या ओंजळीत घातले. “आता हे मनालीचे. काल तिचा दिवस कसा गेला, ते मांडा.”

हे काय विशालनं सांगितलं नव्हतं. मधल्या चौघांनी पण बाहेर येऊन पोरीच्या चिंचोक्यांचं नाव काढलं नव्हतं.

कुंडलिक सुरू झाला. झोप. पोरगी झोपते कधी? त्याच्या आधी तर नाही, कारण तो झोपतो तेव्हा दिवा चालू असतो. उठते कधी? तो साडेसहाला उठतो तेव्हा पाणी भरलेलं असतं, चहा झालेला असतो. पाणी पाचला येतं. त्यानं अंदाजानं सहा ठेवले. कॉलेज, पाच. संध्याकाळी सहा ते नऊ ही खोली, तिथं मात्र त्यानं टाक टाक टाक तीन चिंचोके असे ठेवले, जसे काय कॅरमची राणी घेतली. झाले चौदा.

मुठीत दहा उरले.

तो मुठीकडं बघत बसला. कागदाकडं बघितलं, परत मुठीकडं. लोकांच्या घरात ग्लास कुठं असतो, ते ठाऊक होतं. आणि आपली पोरगी दिवसातले दहा तास कुठं असते, ते ठाऊक नाही!

“हे दहा कुठं जातात हो?” त्यानं बाईलाच विचारलं.

“मला कसं माहीत काका? मी बोरिवलीची.”

मग ती हळू आवाजात म्हणाली, “सकाळी पोरींनी स्वतःचे मांडले. ज्यांनी चालेल म्हटलं, त्यांचेच मी वडिलांना दाखवते. मनाली चालेल म्हणाली.” तिनं टॅबवरचा फोटो दाखवला. घरकामाच्या चित्रावर सहा चिंचोके आणि एक अर्धा, नीट फोडलेला. शेजारी मनालीच्या अक्षरात लिहिलेलं, ‘साडेसात ते साडेआठ, खोलीतून घरी, चपात्या, मग परत खोलीत.’

कुंडलिकनं ते दोनदा वाचलं. आठला आकाश कामावरून भुकेला येतो. राधा पावणेनऊला. आपण नऊला. म्हणजे ती मऊ चपाती...

“बाई,” तो म्हणाला, “एक खरं सांगा. काय उत्तर दिलं तर ही खोली चालू राहील? तेवढं सांगा, मी तसं मांडतो. माझ्या पोरीची परीक्षा आहे फेब्रुवारीत.”

गार्गीनं टॅब मांडीवर उपडा ठेवला. “काका, आईशपथ, मला पण माहीत नाही. देवनारला एका ठिकाणी मी लिहिलं, खूप छान चाललंय. त्यांनी उद्देश सफल झाला म्हणून बंद केलं. कांदिवलीला लिहिलं, काही खास फरक नाही. तिथं अजून दोन वर्षं दिली. ते कसं ठरवतात ते मला आजवर कळलेलं नाही. मी फक्त दिसेल ते लिहिते.”

आता घ्या. तपासणारीलाच माहीत नाही, तर तपासून घेणाऱ्यानं काय करायचं? घरकामावरचे ते तीन चिंचोके त्याच्याकडं डोळे वटारून बघत होते. खोटे ठेवावेत तर पोरीच्या साडेसहाशेजारी बसणार. उचलावेत तर खोली जायची.

शेवटी त्यानं तिन्ही उचलले आणि मोकळ्या वेळेवर ठेवले. सहा झाले. “टपरीवर असतो मी. कॅरम,” तो म्हणाला. “आणि हे दहा. लिहा, बापाला माहीत नाही.”

गार्गीनं टॅबवर बोट मारलं, परत मारलं. “माहीत नाही असा रकानाच नाहीये ह्यात. चोवीस भरल्याशिवाय पुढं जात नाही.” आणि मग शेऱ्याच्या जागी तिनं बराच वेळ काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते त्यानं विचारलं नाही.

बाहेर विशाल वाटच बघत होता. “ठेवलेस ना तीन?”

“ठेवले. मग उचलले.”

“उचलले? अरे वाट लावलीस! दहा जणांत एकटाच शहाणा निघालास का? आता गेली खोली बोंबलत!”

पुढचे चार बाप पायरीवरून त्याच्याकडं असे बघत होते, जसा काय त्यानं विहाराचा पंखा चोरला.

सोमवारी कुंडलिकनं भांडुपचं एक काम उद्यावर टाकलं आणि साडेसातला घर गाठलं. मनाली ओट्यापाशी होती. पुढच्या बर्नरवर तवा, बाजूला भाजीचं पातेलं खोळंबलेलं. मागचा बर्नर थंडगार.

“पप्पा?” ती दचकली. “ह्या वेळेला? कोण गेलं?”

“कोण नाय गेलं.” त्यानं पिशवी खाली ठेवली. “हा मागचा कधीपासून बंद आहे?”

“गणपतीच्या आधीपासून. आईनं तीनदा सांगितलं तुम्हाला.”

त्यानं बर्नर उचलला. जेटमध्ये पिन घातली, फुंकर मारली, नॉब पुसला. चार मिनिटं लागली. निळी ज्योत फुर्र करून उभी राहिली. शेगडीवाल्याच्या घरात तीन महिने अर्धी शेगडी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

“मला सांगायचं नाय का, चपात्या तू करतेस ते?”

“कशाला सांगायचं? तुम्ही नऊला येता, जेवता, राधे चपाती मऊ झालीय म्हणता. आई गप्प बसते. मग मी पण.”

“तू म्हणायचं ना, पप्पा मी केली.”

“म्हटलं असतं, तर काय केलं असतं तुम्ही?”

कुंडलिकनं विचार केला. शाबास म्हटलं असतं बहुतेक. आणि अजून एक वाढ म्हटलं असतं.

मनालीनं चपाती उलटली. “पप्पा, मी तो अर्धा चिंचोका फोडायला नको होता का? माधुरीताई बोलल्या, खरं सांगा. मी सांगितलं. आता सगळ्या पोरी म्हणतात, आपण रड सांगितली म्हणून खोली जाणार.”

“मला पण तेच म्हणतात.”

त्यानं भाजीचं पातेलं नव्या ज्योतीवर चढवलं. मग तो म्हणाला, “जा तू. खोली आहे तोवर बस तिथं.”

“अजून अकरा गोळे आहेत.”

“जा म्हटलं ना.”

आकाश आठला आला. बघतो तर बाप लाटणं घेऊन उभा. “मनाली कुठंय?”

“अभ्यासाला. हात धू आणि ये. मी लाटतो, तू भाज.”

“मी?”

“मग काय शेजाऱ्याला बोलवू?”

त्या रात्री राधानं ताटातली चपाती उचलून दिव्यापुढं धरली, खाली ठेवली, आणि म्हणाली, “चपाती कडक झालीय आज.” आणि सगळी खाल्ली.

पंधरा दिवस टपरीवर कुंडलिकला कोणी कॅरमला घेतलं नाही. त्यालाही सारखं वाटायचं, आपण केलं ते बरोबर का चूक? शेगडी असती तर पेटवून बघितली असती.

मग पत्र आलं. माधुरीताईनं सगळ्यांना खोलीत बोलावून वाचून दाखवलं. खोली अजून एक वर्ष चालू राहणार. पोरी धडाधड उठून ओरडायला लागल्या. मनालीनं बाकड्यावर डोकं टेकलं आणि तशीच राहिली. त्या गडबडीत ताईनं पुढची ओळ वाचली. वडिलांसोबतचं काम बाकी दिसतं, तरी दर रविवारी सकाळी वडिलांचा वर्ग घ्यावा.

“बघितलं?” विशाल म्हणाला. “नऊ जणांच्या तीन-तीन चिंचोक्यांनी वाचवली खोली.”

“ताई,” कुंडलिकनं विचारलं, “तीनमुळं वाचली का माझ्यामुळं?”

माधुरीताईनं पत्र उलटंसुलटं केलं. “दादा, पत्रात एवढंच आहे.”

“आणि वर्षानं परत तपासायला येणार?”

“येणार.”

घरी येईपर्यंत कुंडलिकचं डोकं परत गरगरायला लागलं. राधानं कणकेची परात काढून ठेवली होती. घाटकोपरचं काम सातला संपेल असं तिनं करून घेतलं होतं. मनाली खोलीतच होती.

“राधे, बघ. वर्गाला जाऊन आम्ही दहाही जण सुधारलो, तर पुढच्या वर्षी म्हणतील, झालं काम, करा बंद.”

“पुढच्या वर्षी मनालीची बारावी झालेली असेल.”

“आणि बाकीच्या एकोणीस पोरी? त्यांनी कुठं बसायचं? नाय सुधारलो, तर म्हणतील, उपयोग काय. मग मी शिकायचं का नाय शिकायचं?”

“ते वर्षानं ठरवा,” राधा परात त्याच्यापुढं सरकवत म्हणाली. “आत्ता मळा.”

तो मांडी घालून बसला. पिठात खड्डा केला. तांब्या हातात घेतला आणि थांबला.

“पाणी किती घालू?”

“बघा तुम्हीच,” राधा म्हणाली, आणि भिंतीला टेकून तिनं पाय पसरले.